जुन्या पिकअपचं वायरिंग : जून ते ऑगस्टच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

आजपासून लिहून ठेवतोय, डोक्यात काही राहत नाही. मागच्या वर्षी एक वायर कुठून काढली तेच विसरलो आणि अख्खा रविवार त्यात गेला होता.

गाडी २००८ ची डिझेल पिकअप, साधा मेकॅनिकल पंप, सेन्सर-बिन्सर काही भानगड नाही. आम्ही २०१९ ला घेतली तेव्हा आमच्याआधी दोन मालक होऊन गेलेले. इंजिन एकदम ठणठणीत आहे पण वायरिंग प्रत्येकाने आपापल्या हौशीने वाढवलेलं, बोनेट उघडलं की लग्नाच्या मांडवामागची बाजू बघितल्यासारखं वाटतं, लाल वायरीला पिवळी, पिवळीला काळी, वर नुसती टेप.

काल रात्री अकराच्या सुमारास नारायणगावच्या टोमॅटो मार्केटवरून रिकामी गाडी घेऊन येत होतो, आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आहे तिथे आलो आणि दोन्ही हेडलाईट फट्‌कन गेले. मंद-बिंद काही नाही, एकदम गुडूप. जुन्नर तालुक्यात रात्री उसाच्या कडेला बिनालाईटची गाडी घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको, बिबट्या काही हॉर्न वाजवून येत नाही. खाली उतरायची टाप झाली नाही. काचा वर करून आत बसूनच लाईटची दांडी दहा वेळा इकडेतिकडे केली तर एका जागी लागले, आणि स्टेअरिंगखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला. मग ती दांडी त्याच जागी डाव्या हाताने दाबून धरली आणि सेकंड गिअरमध्ये घरापर्यंत आलो.

आण्णा (वडील) जागेच होते. म्हणाले, "पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) पाच ऑगस्टला संपतंय आणि मी वारीला निघणार एकोणतीसला. येईस्तोवर गाडी नीट झालेली पाहिजे, नाहीतर विकून टाक." विकायला कोण घेतंय ही गाडी, पण ते जाऊ द्या.

लाईट तर आत्ताचे, बाकी रडगाणं जुनंच आहे. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. सेल्फ (स्टार्टर मोटर) कधी एका झटक्यात मारतो, कधी नुसतं टक्. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मिणमिणतात. माल भरला की पार्किंगचा फ्यूज उडतो, रिकामी असताना कधीच नाही. आणि एक गंमत म्हणजे रात्री हेडलाईट लावले की टेंपरेचरचा काटा चढतो. अर्ध्यावरचा काटा पाऊणवर, लाईट बंद केले की परत अर्ध्यावर. या काट्यापायी मी एकदा थर्मोस्टॅट बदललाय आणि रेडिएटर धुऊन घेतलाय, फरक शून्य.

९ जून, रविवार

गावातले वायरमन काका सकाळी येऊन बघून गेले. बोनेट उघडलं, पान खाल्लं, "बॅटरी गेली आणि डायनामो पण चाललाय" म्हणून निकाल दिला (डायनामो म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर). बॅटरी दीड वर्षाची आहे. डायनामो रिपेअरचे १८०० सांगितले. काका माणूस चांगला आहे पण मीटर वापरत नाहीत, वायर काढून ठिणगी बघतात.

माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, सुट्टीला आलाय, त्याच्याकडे डिजिटल मीटर आहे. तो म्हणाला मामा आधी मोजू, मग खर्च करू. म्हटलं मोज बाबा.

आधी टर्मिनल साफ केले, पांढरी-हिरवी पावडर साचलेली. खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फस्‌फस करून सगळं निघालं, ब्रशने घासलं, वरून व्हॅसलिन. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकलं, दोन सेल पार खाली गेलेले. चार्जरला लावून ठेवली, उद्या बघू.

१० जून, सोमवार

रात्रभर चार्ज करून काढली, दोन तास तशीच ठेवली आणि मग मोजली, १२.६ व्होल्ट. फुल चार्ज बॅटरी एवढीच दाखवते, म्हणजे ठीकठाक. १२.० दाखवली असती तर पाव सुद्धा धड उरली नाही असं समजायचं.

खरी परीक्षा सेल्फ मारताना. भाच्याने मीटर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर धरला, मी चावी फिरवली. सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हत कण्हत फिरला पण मीटर ११.४ च्या खाली गेलाच नाही. इथे मी चक्रावलो. बॅटरी मेलेली असती तर सेल्फच्या ओढीने व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळायला पाहिजे होता. हा तर वरच थांबलाय, म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे पण करंट जातच नाहीये, मधे कुठेतरी अडतोय. काकांचा निम्मा निकाल इथेच खोटा ठरला.

१६ जून, रविवार

आज सापडलं. सांगतो.

पाऊस पडून गेलेला, म्हणून गोठ्याच्या शेडमध्ये गाडी घेतली. भाच्याला त्यांच्या सरांनी शिकवलेली एक गोष्ट आठवली ती म्हणजे वायर चालू असताना तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. चांगल्या वायरीच्या दोन टोकांत जवळजवळ काहीच दिसायला नको, जेवढं दिसेल तेवढं त्या वायरीने खाल्लं. मी आतापर्यंत टेस्ट लॅम्प लावून "येतोय की करंट" म्हणत होतो, पण टेस्ट लॅम्प पेटायला अर्धा अँपिअर पण लागत नाही, तेवढा तर एका केसाएवढ्या तारेतून सुद्धा जातो. सेल्फला दीड-दोनशे लागतात.

तर बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत सेल्फ मारताना ०.४ पडले, चालेल. मग बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत, ३.१ व्होल्ट! मी म्हटलं मीटर बिघडला. परत केलं, परत ३.१. बारातले तीन व्होल्ट नुसते अर्थिंगमध्ये चाललेत.

आता अर्थिंग कसं असतं बघा, बॅटरीची मायनस केबल आमच्या गाडीत चेसिसला जाते. इंजिन बसतं रबराच्या फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन आणि चेसिस यांच्यात लोखंडाला लोखंड कुठेच भिडत नाही. म्हणून गिअरबॉक्सपासून चेसिसला तांब्याच्या जाळीची एक पट्टी असते, सेल्फचा सगळा करंट परत यायची तीच एक वाट. गाडीखाली पोतं टाकून शिरलो, टॉर्च मारून बघितलं तर चेसिसच्या बाजूचा बोल्ट आहे, त्याला पट्टीचं लग (टोकाची कडी) आहे, त्याला दोन बोटं जाळी लोंबतीय, पुढे काही नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला तर लगच नाही. गेल्या नोव्हेंबरात क्लचप्लेट टाकली तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता, ती पट्टी तोडली की तुटली कोणास ठाऊक, परत लावली नाही एवढं खरं.

मग प्रश्न असा की पट्टीच नाही तर सेल्फ फिरतो कसा? मागचे सात महिने गाडी चाललीय की. भाचा बोनेटमध्ये वाकून बघत होता, मी चावी मारत होतो, चौथ्या वेळी तो ओरडला. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लागला होता, चटका बसला. केबल गरम! पंपापासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) सगळी. सेल्फचा करंट बिचारा दुसरी वाट नाही म्हणून अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलच्या तारेतून बॉडीला आणि तिथून बॅटरीला जात होता.

आणि इथे माझी ट्यूब पेटली, कारण ही केबल मी नोव्हेंबरपासून दोनदा बदललीय. दोन्ही वेळा आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तार चिकटलेली, पेडल सोडलं तरी रेस खाली येत नव्हती. दोन्ही वेळा "हलका माल देतात साले" म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. त्या दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली, प्रत्यक्ष मागणार नाही, तो लय बोलतो.

टेंपरेचरच्या काट्याचं पण उत्तर यातच निघालं. टेंपरेचरचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा भाग) इंजिनमध्ये बसतो, त्याचं अर्थिंग इंजिन. डायनामो पण इंजिनवर. इंजिन चालू असताना हेडलाईट लावले की त्यांचा करंट चेसिसवरून डायनामोकडे परत जाताना त्याच सडक्या वाटेने जाणार, तिथे व्होल्टभर पडणार, म्हणजे काट्याच्या दृष्टीने सेंडरचं टोक तेवढं अजून खाली गेलं, जास्त करंट ओढला, काटा म्हणतो इंजिन तापलं. ताडून बघायला इंजिन बंद करून नुसती चावी ऑन ठेवली आणि लाईट लावले, काटा जागचा हलला नाही, कारण आता लाईटचा करंट बॅटरीतून येतोय आणि चेसिसवरून सरळ बॅटरीतच जातोय, इंजिनकडे त्याचं कामच नाही. लाईट लावल्यावर डिझेलचा काटा कधीच का हलत नव्हता ते पण कळलं, टाकीचं अर्थिंग चेसिसलाच आहे.

थर्मोस्टॅटचे आणि रेडिएटरचे पैसे मिळून किती झाले ते इथे लिहीत नाही, बायको वाचते.

१८ जून, मंगळवार

नारायणगावातून जाळीची नवीन पट्टी आणली. चेसिसवर जिथे बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, वरून ग्रीस. शिवाय वेल्डिंगच्या केबलचा दोन फुटाचा तुकडा पडला होता, त्याला दोन्हीकडे तांब्याचे लग दाबून बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला दिला. ही पट्टी परत कोणी विसरलं तरी निदान केबल राहील.

सेल्फ मारला. हा आवाज मी विसरलोच होतो, खर्र करून अर्ध्या सेकंदात स्टार्ट. इंजिन ते मायनस आता ०.१२. अ‍ॅक्सिलरेटरची केबल थंड. चार्जिंग मोजलं, लाईट लावून बॅटरीवर १३.९. मागच्या रविवारी हेच डायनामोच्या अंगावर १४.३ आणि बॅटरीवर फक्त १३.१ येत होतं, म्हणजे डायनामो बनवतोय पण बॅटरीला पोचत नव्हतं, पोट अर्धवट भरलेली बॅटरी रोज झोपायला जात होती. डायनामोचे १८०० वाचले.

आण्णांना दाखवलं. "पट्टीच ना? मग एवढे दिवस काय करत होता?" झालं कौतुक.

२३ जून, रविवार

हेडलाईट. स्टेअरिंगचं कव्हर काढून कॉम्बिनेशन स्विच बाहेर घेतला. मागचा पांढरा कपलर एका कोपऱ्यात चॉकलेटी होऊन फुगलेला, एक पिन त्या वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तिरकी होऊन बसलीय, हलवली की कधी भिडते कधी नाही. सात तारखेला रात्री मी जी दांडी दाबून धरली होती ती म्हणजे ही पिन.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बल्ब काढला तर त्यावर १००/९०. कंपनीतून ६०/५५ चा येतो. कुठल्यातरी मालकाला उजेड कमी वाटला असणार. हिशोब सोपाय, अप्परला शंभरचे दोन म्हणजे २०० वॅट, भागिले १२, जवळजवळ १७ अँपिअर, आणि ते सगळे एवढ्याशा स्विचमधून आणि शेवईएवढ्या वायरीतून. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाहीच. एवढं करून उजेड तरी पडत होता का? बल्बच्या होल्डरवर मोजलं तर इंजिन चालू असताना १०.६. बल्बचा व्होल्टेज दहा टक्के पडला तरी उजेड तीसेक टक्क्यांनी जातो, इथे तर त्याहून जास्त पडलेला. शंभरचा बल्ब लावून साठच्या बल्बाएवढा पण उजेड नाही, वर स्विच भाजला.

नवीन स्विच, ६०/५५ चे दोन बल्ब, दोन रिले (एक अप्पर एक डिप्पर), २.५ स्क्वेअर एमएमची वायर, प्रत्येक रिलेला १५ चा फ्यूज. जोडणी अशी (३०, ८७, ८६, ८५ हे रिलेच्या पिनांचे नंबर) : बॅटरी प्लसवरून फ्यूज, फ्यूजवरून ३०, ८७ वरून बल्बला. जुनी स्विचकडून बल्बला येणारी वायर आता ८६ ला, ८५ अर्थ. म्हणजे स्विचने फक्त रिले ओढायचा, पाव अँपिअरही नाही, मालाची वाहतूक रिले करणार. एक गोष्ट आधी तपासली, स्विच प्लस देतोय की अर्थ देतोय, काही गाड्यांत उलटं असतं आणि मग ही जोडणी चालत नाही. आपल्यात प्लसच आहे. रिले बॅटरीच्या बाजूला उभे बसवले, पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी साचणार नाही.

होल्डरवर आता १३.६. रात्री उसाच्या रस्त्याला मुद्दाम चक्कर मारून आलो. पांढरा सपाट उजेड, पार वळणापर्यंत, कडेच्या पाचटात दोन डोळे चमकले, मांजर होतं. बहुतेक.

३० जून, रविवार

आण्णा काल आळंदीला गेले, माऊलींच्या पालखीबरोबर. गाडी आता निवांत तीन आठवडे माझी.

आज बॅटरी बसण्याचं प्रकरण. अर्थिंग सुधारल्यावर कमी होईल वाटलं होतं पण नाही, गुरुवारी संध्याकाळी १२.६ ठेवलेली, शनिवारी सकाळी १२.२. कोणीतरी रात्री गुपचूप पितंय.

मायनस काढून मीटर मधे जोडायचा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, दारं बंद, चावी काढलेली. ०.४१ आलं. गाडी झोपलेली असताना ०.०५ च्या आत पाहिजे. ०.४१ म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-अवर, ७५ ची बॅटरी दोन दिवसांत चौथा हिस्सा रिकामी.

इथे एक किस्सा झाला. मी फ्यूजबॉक्स कुठल्या लायनीत आहे बघत होतो आणि आमच्या लहान चिरंजीवांनी चावी लावून फिरवली. सेल्फचा करंट मीटरमधून! मीटरच्या आतला फ्यूज टिच् करून गेला. भाचा अर्धा तास बोलला नाही. त्याच्या मीटरचा फ्यूज काचेचा नाही, आत वाळू भरलेला सिरॅमिकचा असतो, तो मंचरला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाला, जाऊन येऊन दोन तास आणि डिझेल वेगळं. तेव्हापासून मोजताना चावी माझ्या खिशात.

दुपारनंतर परत. एकेक फ्यूज काढत गेलो, गाण्याच्या टेपचा फ्यूज काढल्यावर ०.४१ चं ०.३९ झालं (ती टेपची मेमरी, चालायचंच), बाकी सगळे काढून ठेवले तरी ०.३९ हलेना. मग डायनामोवर संशय, आतला डायोड लीक झाला की तो रात्री बॅटरी पितो, काकांचं म्हणणं खरं ठरतंय की काय. मायनस काढून डायनामोचा जाड प्लस सोडवला, त्याला टेप गुंडाळून बाजूला बांधला, परत मोजलं. ०.३९ तसंच. डायनामो दुसऱ्यांदा निर्दोष सुटला.

म्हणजे जे काही आहे ते फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर आहे. प्लसच्या खुंटीवर एक बारीक लाल वायर होती, मी समजत होतो ती कुठल्यातरी फॉगलाईटची. ओढत ओढत गेलो, फायरवॉलच्या भोकातून आत, मॅटच्या खाली, क्लिनर साईडच्या सीटखाली. सीट उचलली. खाली गोणपाटात गुंडाळलेला अ‍ॅम्प्लिफायर! कोमट. त्याला स्पीकरच नाहीत, स्पीकर आम्ही गाडी घ्यायच्या आधीच कोणीतरी काढून नेलेत. टेपवरून जी वायर त्याला "चालू हो" सांगते ती कुठल्यातरी महाभागाने सरळ बॅटरीच्या प्लसलाच पिळून ठेवलेली, म्हणजे हा पठ्ठ्या २०१९ पासून पाच वर्षं रात्रंदिवस जागा, ऐकणारं कोणी नाही. आणि एवढ्या लांब वायरीला एकही फ्यूज नाही. फायरवॉलच्या भोकाला रबराचं ग्रोमेट पण नव्हतं, पत्र्याच्या धारेवर वायरीचं अर्धं कव्हर कापलेलं. अजून एखादा पावसाळा गेला असता तर गाडीच पेटली असती.

काढून टाकला. मीटर ०.०२.

भाचा म्हणाला मामा अ‍ॅम्प मला. दिला. मीटरची भरपाई.

७ जुलै, रविवार

मागची बाजू. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतात ते लवकर सुटलं. लॅम्पचं अर्थिंग हौद्याच्या पत्र्याला स्क्रूने, स्क्रू गंजून लाडू झालेला, आणि हौदा चेसिसवर रबर आणि लाकडाच्या पट्ट्यांवर बसतो म्हणजे पुढची वाट पण गंजलेल्या बोल्टांतूनच. ब्रेकच्या बल्बचा करंट अर्थला जायला जागा नाही म्हणून इंडिकेटरच्या बल्बातून उलटा फिरून वाट काढतोय. दोन्ही लॅम्पच्या अर्थला नवीन काळी वायर जोडून थेट चेसिसवर बोल्ट केली. वीस मिनिटांचं काम, पाच वर्षं मागचे ड्रायव्हर गोंधळत होते.

पार्किंगच्या फ्यूजने मात्र घाम काढला. माल भरला की उडतो, रिकाम्या गाडीत हार्नेस (वायरींचा जुडगा) कितीही हलवा, ओढा, काही होत नाही. दोनदा संपूर्ण वायर हाताने चाचपली, पाठ दुखायला लागली. शेवटी ठरवलं की मग माल भरूनच बघू, नाहीतरी संध्याकाळी टोमॅटो भरायचेच होते.

फ्यूजच्या जागी दोन वायरींवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. याची गंमत अशी की शॉर्ट नसेल तर बल्ब मंद लागतो कारण पुढे पार्किंगचे बल्ब आहेत, आणि शॉर्ट झाला की हा भक्कन पूर्ण पेटतो, फ्यूज उडवत बसायला नको. भाचा केबिनमध्ये बल्बकडे डोळे लावून, मी आणि गडी क्रेट चढवतोय, एकेक क्रेट वीस-बावीस किलोचं. दहा, काही नाही. वीस, काही नाही. चौतिसावं क्रेट ठेवलं आणि केबिनमधून आवाज, "मामा पेटला!" एक उतरवलं, विझला. ठेवलं, पेटला. गडी हसायला लागला, त्याला वाटलं काट्याऐवजी बल्बने वजन करतोय.

तसाच भरलेल्या गाडीखाली शिरलो (चाकांना दगड लावून, गिअरमध्ये टाकून). डाव्या बाजूला मागच्या अ‍ॅक्सलच्या वर रबराचा स्टॉपर असतो त्याच्या शेजारून हार्नेस जातो. त्याची पत्र्याची क्लिप तुटलेली. रिकाम्या गाडीत हार्नेस तीन बोटं वर असतो, माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते आणि लोंबणारा हार्नेस अ‍ॅक्सलवरच्या यू-बोल्टच्या टोकावर टेकतो. कव्हर घासून गेलेलं, आत नव्या पैशाएवढं तांबं चमकत होतं, रोज घासल्यामुळे अगदी लख्ख. टॉर्चच्या उजेडात पहिली नजर पडली ती त्या चमकेवरच. रिकाम्या गाडीत हेच तोंड वरच्या बाजूला वळून बसायचं, मातीने माखलेलं, दहा वेळा हात फिरवून पण सापडलं नसतं.

क्रेट उतरवत बसायला वेळ नव्हता, पार्किंगची लाईन तिथेच टेप मारून दोरीने वर बांधली आणि पुण्याला मार्केट यार्डला माल टाकून आलो. जाताना-येताना फ्यूज शाबूत.

८ जुलै, सोमवार

तो तुकडा कापून नवीन वायर, सोल्डर, स्लीव, वरून कोरुगेटेड पाईप, तीन नवीन क्लिपा. झालं.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

गाडी शनिवारपासून हललेली नाही, मुद्दामच. आज सकाळी १२.५. चावी मारली, अर्ध्या सेकंदात सुरू. पंढरपूरवरून आण्णांचा फोन आला, गर्दीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, "गाडी झाली का?" एवढंच कळलं. झाली म्हटलं. "विकली का?" परत ओरडून सांगितलं, झाली, नीट झाली!

साबुदाण्याची खिचडी दोन वेळा झालीय, आज काम नाही.

२१ जुलै, रविवार

पासिंगची तयारी. सगळे बल्ब, हॉर्न, वायपर बघितले, मागे लाल पुढे पांढरी रिफ्लेक्टरची पट्टी फाटलेली होती ती नवीन चिकटवली. उजवीकडचा इंडिकेटर डबल स्पीडने टिकटिकत होता, याचा अर्थ एक बल्ब गेलाय, पुढचा निघाला. वायपर हळू चालतो पण चालतो, मोटर काढून ग्रीस केलं तर थोडा फरक पडला.

वायरमन काका आले होते. पट्टीची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी कातरली, म्हणाले, "मी म्हटलंच होतं करंटचा प्रॉब्लेम आहे." जाताना मात्र हळूच विचारलं, तो मीटर कितीला मिळतो.

३ ऑगस्ट, शनिवार

आठ वर्षांवरची गाडी म्हणून पासिंग दरवर्षी करावं लागतं. आज झालं. लाईटच्या तपासणीला पहिल्याच झटक्यात ओके, गेल्या वर्षी दोनदा परत पाठवलं होतं.

खर्च एकूण : अर्थ पट्टी, लग, कॉम्बिनेशन स्विच, बल्ब, रिले, वायर, क्लिपा, मीटरचा फ्यूज, सगळं मिळून २,७४० रुपये. त्यात स्विचच निम्मा.

राहिलेलं एकच, केबिनचा दिवा ड्रायव्हर साईडचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. स्विच बघायला पाहिजे. आण्णा म्हणतात राहू दे, त्या निमित्ताने दार तरी नीट लागतं.